माणदेशात पहिली ऑफरोड ट्रिप: बेत, वाट आणि मागे वळायची वेळ

साताऱ्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्या आता गल्लोगल्ली दिसतात. गाडी आली की पहिल्या रविवारी कास, दुसऱ्या रविवारी ठोसेघर, आणि मग दोन दांड्यांपैकी तो छोटा दांडा नक्की कधी ओढायचा हा प्रश्न तसाच राहतो. मोबाइलवर अमेरिकेत युटा राज्यातल्या मोआबचे, खडकांवर चढणाऱ्या जीपचे व्हिडिओ पाहून झालेले असतात आणि हात शिवशिवत असतात. हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. ज्यांच्याकडे साधी बोलेरो आहे आणि फोर बाय फोर नाही, त्यांनीही वाचावा. पहिल्या फेरीत गाडीच्या ताकदीपेक्षा खाली उतरून चालायची आणि वेळेत मागे वळायची तयारी जास्त कामाला येते.

कुठे जायचं नाही

आधी हे ठरवा. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर ही पठारं डोळ्यांसमोर येतात, कारण ती सपाट आणि मोकळी दिसतात. तिथे डांबर सोडून गाडी घालू नका. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, मातीचा थर बोटभर असतो, फुलं त्यातच येतात, आणि एकदा चाक फिरलं की ती चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. पश्चिमेला कोयना आणि चांदोलीचं जंगल आहे, ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे, मग तुमच्या गाडीला चार चाकांची ताकद असो की सहा.

त्यापेक्षा पूर्वेला माणदेशाकडे वळा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण तालुक्यात सरासरी पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक. दहिवडी, म्हसवड, खाली सांगली जिल्ह्यात आटपाडी आणि जत हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. उघडे माळ, मुरमाचे उतार, कोरडे ओढे, पावसाने कापलेल्या घळी. शिकायला याहून बरी जागा जवळ नाही. साताऱ्याहून कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव करत दहिवडी साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं.

इथेही वाटेल तिथे गाडी घालायची नाही. पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि जुन्या गाडीवाटा धरा. त्या वहिवाटीच्या असतात, बैलगाडी आणि ट्रॅक्टर त्यांवरून जातात, आणि पहिल्या वर्षाला त्या भरपूर अवघड आहेत. वाट शेतात शिरून संपली तर पीक असो वा नसो, तिथून परत फिरा. बांध ओलांडायचा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय नाही. माणमध्ये राखीव वनाचे तुकडेही आहेत. वनखात्याचा दगड किंवा पाटी दिसली की विषय संपला.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. या भागाला जूनपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस जास्त साथ देतो, त्यामुळे दसरा-दिवाळीला काळी रानं अजून ओली असतात. ओली काळी माती टायरच्या खाचांत बसली की टायर गुळगुळीत होतो, आणि मग फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं जागच्या जागी फिरणार एवढंच. मुरूम लवकर निथळतो, काळं रान आठवडाभर घेतं.

एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशी ओलांडतो ते एक कारण, दुसरं म्हणजे वळीव. दुपारी चारला आभाळ भरून येतं, पाऊस पडतो दहा किलोमीटर वरच्या डोंगरावर, आणि तुम्ही उभे असता त्या कोरड्या ओढ्यात गढूळ पाण्याचा लोंढा येतो. युटाच्या दऱ्यांमध्ये गाडीवाल्यांना सगळ्यांत आधी याचीच ताकीद देतात, आणि आपल्याकडेही ती जशीच्या तशी लागू आहे. ओढ्याच्या पात्रात जेवायला बसायचं नाही आणि गाडी लावायची नाही. सावली तिथेच असते, तरीही नाही.

यात्रांच्या तारखाही पाहून घ्या. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी निघतात आणि मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते. त्या दिवसांत दर्शनाला जरूर जा, पण गाडी शिकायला नको.

नकाशा घरी बसून वाचा

आदल्या आठवड्यात संध्याकाळचे दोन तास यासाठी काढा. मोबाइलवरचा नकाशा अंतर बरोबर सांगतो आणि वाट चुकीची सांगतो. पायवाटेलाही तो रस्ता म्हणतो. उपग्रहाच्या फोटोवर वाट बोटाने धरून पुढे सरका आणि ती ओढा कुठे ओलांडते, कुठे घळीच्या काठाने जाते, कुठे एकदम नाहीशी होते ते लिहून ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे मिळाले तर फारच उत्तम, त्यांत गाडीवाटा वेगळ्या दाखवलेल्या असतात. सगळा भाग ऑफलाइन उतरवून घ्या, कारण डोंगराच्या पोटात रेंज नसते.

फोटोवर वाट दिसते म्हणून ती आज आहे असं मात्र धरू नका. माण-खटावच्या डोंगरउतारांवर गेल्या काही वर्षांत जलसंधारणाचं प्रचंड काम झालं. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला आलेला टाकेवाडी हा गाव माण तालुक्यातलाच. सलग समतल चर, खोल चर, माती बंधारे, सिमेंटचे नालाबंधारे यांनी जुन्या कितीतरी वाटा मधोमध कापल्या गेल्या आहेत. चर फार मोठा नसतो, कंबरेइतका वगैरे, पण गाडीचं नाक त्यात टेकायला तेवढा पुरतो. चर बुजवून पुढे जायचा विचारही करू नका. त्या गावाने तो उन्हातान्हात श्रमदानाने खणलेला असतो.

पाण्याचंही तसंच. जुन्या माणसांच्या आठवणीतली माणगंगा म्हणजे आठ महिने वाळू. आता जिहे-कठापूर योजनेने कृष्णेचं पाणी नेर तलावातून आंधळीपर्यंत येतं, उरमोडी धरणाचं पाणी कालव्याने येतं, खाली आटपाडीला टेंभू योजनेचं. आवर्तन सुटलं की ऐन फेब्रुवारीतही पात्रात पाणी असतं. त्यामुळे ‘मागच्या साली इथून गेलो होतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका, मग ते सांगणारा कितीही मुरलेला असो.

अंतर किती ठरवायचं? डांबर सोडून पंधरा-वीस किलोमीटर. हसू येईल, पण ताशी आठ-दहाचा वेग, मध्ये उतरून पाहणं, एखादं पंक्चर आणि एखाद्या म्हाताऱ्याशी गप्पा धरल्या तर दिवस तेवढ्यातच जातो. परतीची वेळ घरीच लिहून ठेवा. दुपारी दोनला जिथे असू तिथून माघारी, किंवा जवळच्या डांबराकडे. आणि ठरलेली वाट व घरी पोहोचायची वेळ घरच्या एका माणसाला कागदावर देऊन जा.

गाडी आणि सोबत

एकट्या गाडीने जाऊ नका. दोन गाड्या हव्यात, तीन असतील तर उत्तम, पाचाच्या वर गेलं की ती वरात होते. अनुभवी माणूस पुढे, नवखा मधे.

गाडी कोणती हा वाद रात्रभर चालतो, म्हणून थोडक्यात. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०, बोलेरोचा १८०. पाणंदीसाठी तिन्ही चालतात. बोलेरो मागच्या दोन चाकांवर चालणारी असेल तर वाळू आणि ओला चढ सोडून बाकी बरंच जमतं. पहिल्या ट्रिपआधी मोठे टायर, विंच, छतावरचे दिवे यांवर पैसे घालवू नका. तेच पैसे चांगल्या दोरावर आणि कॉम्प्रेसरवर घाला.

टायर मात्र नीट बघा. नक्षी किती राहिली, कडेच्या भिंतीवर कुठे चीर आहे का, स्टेपनीत हवा आहे का. स्टेपनी पाहायची राहून जाते. माणदेशात बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा हा रोजचा भिडू. कुंपणाची फांदी वाटेत पडलेली असते आणि काटा वाळला की खिळ्यासारखा आत जातो. ट्यूबलेसचं पंक्चर किट घ्या आणि ते वापरायला घरीच शिकून घ्या. काटा उपटण्याआधी भोकाभोवती खडूने खूण करा, नाहीतर उपटल्यावर भोक सापडत नाही. टायरच्या कडेला चीर गेली असेल तर किटची पट्टी तिथे धरत नाही, सरळ चाक बदला. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी लागते, कारण मुरमात नुसता जॅक खाली रुततो.

बाकी सामान: टोइंग हुक बसतो की नाही हे आधीच तपासा, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचा दोर, फावडं, जाड हातमोजे, टॉर्च, अग्निशामक सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी. पाणी माणशी पाच लिटर, शिवाय रेडिएटरसाठी वेगळा कॅन. डिझेल दहिवडीत किंवा म्हसवडला टाकी फुल्ल करूनच पुढे. फोर एलमध्ये (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त ओढ) गाडी रस्त्यावरच्या दुप्पट पिते असा हिशेब धरा. भाकरी, पिठलं, ठेचा घरून न्या, दुपारी माळावर हॉटेल नसतं.

डांबर सोडताना

इथे थांबा आणि टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर दगड-मुरमासाठी २४-२५, नदीच्या वाळूसाठी १८ च्या आसपास. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो, दगडाला धरतो, धक्का गिळतो आणि काट्याने फुटण्याचीही शक्यता थोडी कमी होते. १५ च्या खाली नवख्याने जाऊ नये, वळताना टायर रिममधून सुटू शकतो. हवा कमी असताना वेग चाळिशीच्या आत. हवा मोजायचं मीटर स्वतःचं ठेवा, आणि कॉम्प्रेसर थेट बॅटरीला जोडणारा घ्या. लायटरच्या खाचेतून चालणाऱ्यांत फ्यूज उडायची भीती असते.

आता तो छोटा दांडा. सैल मुरूम आणि माळ असेल तर फोर एच, म्हणजे चारही चाकं पण नेहमीचा वेग. तीव्र चढ-उतार, मोठे दगड किंवा वाळूत रुतलेली गाडी काढायची असेल तर फोर एल, तेही गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये. डांबरावर परत आलात की टू एच, म्हणजे दोनच चाकांना ताकद. कोरड्या डांबरावर फोर एच ठेवून वळलात की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ते ताण दांड्यांमध्ये साठतात आणि गिअरबॉक्सचं बिल येतं.

स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

चढ, उतार, दगड

नियम एकच: जे दिसत नाही त्यावर गाडी घालायची नाही. चढाच्या माथ्यापलीकडे काय आहे ते चालत जाऊन पाहा. उतरायला दोन मिनिटं लागतात, घळीतून गाडी काढायला ट्रॅक्टर आणि अर्धा दिवस.

उतारावर फोर एल, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर फक्त हलका पाय. घाबरून क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते, आणि नवखा नेमका तोच दाबतो. चढाला मधेच इंजिन बंद पडलं तर ब्रेक घट्ट धरा, रिव्हर्स गिअर टाका, इंजिन चालू करा आणि आलात त्याच रेषेत सरळ मागे या. बंद इंजिनवर ब्रेक दोन-तीनदा दाबला की कडक होतो हे लक्षात असू द्या. चढावर गाडी आडवी वळवायची नाही. बाजूला कलंडलेल्या बहुतेक गाड्या अशाच कलंडतात.

ओघळीने वाट चिरलेली असेल तर चाकं चिरेच्या दोन्ही बाजूंना ठेवा, किंवा ती तिरकी ओलांडा, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली जाईल. मोठा दगड दोन चाकांच्या मधून घ्यायचा मोह होतो, पण खाली गिअरबॉक्स आणि ऑइल पॅन असतात. चाक दगडावर चढवा, रबर सगळ्यांत वर राहू द्या. व्हिडिओत मोआबची जीप उभ्या खडकावर चढते ती तिथल्या खरखरीत वालुकाश्मामुळे, तो टायर सोडत नाही. आपला बेसाल्ट वेगळा. ओढ्यातले गोटे गोल, गुळगुळीत, चाकाखालून निसटणारे. त्यांच्यावर जोर नाही, धिमी चाल लागते.

स्पॉटर, म्हणजे खाली उतरून हात दाखवणारा, एकच हवा. तिघे तीन बाजूंनी ‘घे घे’ ओरडायला लागले की ड्रायव्हरने थांबावं आणि कोणाचं ऐकायचं ते आधी ठरवावं. स्पॉटरने गाडीच्या उतरणीकडे कधीही उभं राहू नये.

चाकाखाली घालायला दगड उचलताना आधी तो काठीने किंवा बुटाने उलटा करा. फुरसं असल्याच दगडांखाली असतं, लहान असतं आणि मातीच्या रंगाचं असतं. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करू नका. हात-पाय न हलवता माणसाला सरळ सरकारी रुग्णालयात न्या. अँब्युलन्ससाठी १०८.

ओढा

पाणी असलेला ओढा दिसला की उतरा, काठी घ्या, पँट वर करा आणि चालून जा. जिथे चालायला भीती वाटते तिथे गाडी जात नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर पहिल्या ट्रिपला मागे फिरा. थारची कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, पण ती कठीण तळासाठी आणि जाणत्या हातासाठी. पाणी हवेच्या नळीतून इंजिनात गेलं की इंजिन जागीच अडकतं, आणि साध्या विम्यात ते सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. माणगंगेत वाळू उपशाचे खड्डेही असतात. वरून पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.

त्याआधी माणूस शोधा. काठावर कोणी ना कोणी असतंच. काच खाली करून हॉर्न वाजवू नका, उतरून जवळ जा.

“राम राम मामा. पलीकडं गाडी जाईल का?”

“जातीया की. काल ट्रॅक्टर गेला.”

इथे खूश होऊ नका. ट्रॅक्टरचं चाक तुमच्या बॉनेटएवढं असतं. पुढचा प्रश्न विचारा.

“जीप गेली का कुठली?”

“जीप न्हाय गेली. खाली गाळ हाय, वरनं वाळू दिसती. त्या करंजाखालनं घ्या, तितं दगूड हाय.”

ही माहिती कोणत्याही ॲपमध्ये नाही. प्रश्न असा विचारा की उत्तर नुसतं हो-नाही येणार नाही: शेवटची गाडी कधी गेली, कसली गेली, कुठून गेली. ‘जाईल’ हे आपल्याकडे पाहुण्याचं मन मोडू नये म्हणूनही म्हणतात.

कोरड्या वाळूत थांबू नका, एका लयीत बाहेर पडा. चाक जागेवर फिरायला लागलं की त्या क्षणी रेस सोडा. आणखी रेस दिली की गाडी पोटावर बसते. हवा आणखी कमी करा, चाकांपुढची वाळू फावड्याने उपसा, आणि आल्या चाकोरीने मागे घ्या.

अडकलात तर

घाई नको. आधी हवा, मग फावडं, मग दगड किंवा फळी, आणि सगळ्यांत शेवटी दोर. दोर लावायचा तो चॅसीच्या हुकाला. ट्रेलरच्या गोळ्याला किंवा बंपरला कधीच नाही, तो गोळा तुटून काच फोडून आत आल्याने माणसं गेली आहेत. दोराच्या मधोमध ओली घोंगडी किंवा पोतं टाका, म्हणजे तुटला तरी उसळत नाही. बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. ताणलेला दोर ओलांडून कोणी जाणार नाही, पोरं तर नाहीतच, आणि गाव गोळा झालं की पोरं पुढे असतात.

ट्रॅक्टर मिळतोच. ट्रॅक्टरवाले दादा साखळी आणतील. साखळी ताणाखाली जराही लांबत नाही, झटका बसला की कडी उडते, म्हणून ‘दादा, आमचा दोर लावू’ म्हणा आणि हळू ओढायला सांगा. काम झाल्यावर डिझेलचे पैसे स्वतःहून पुढे करा. ‘राहू द्या’ म्हणतीलच, तरी द्या.

माळावरची रीत

मेंढरांचा कळप दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि पूर्ण कळप जाऊ द्या. मधून घुसलात तर दोन भाग होतात आणि मेंढपाळाची दुपार त्यांना गोळा करण्यात जाते. मेंढरांच्या वाड्याजवळ कुत्री असतात, खाली उतरण्याआधी हाक द्या.

वाळल्या कुसळी गवतावर गाडी उभी करू नका. नव्या डिझेल गाड्यांत धूर जाळणारा फिल्टर असतो, तो साफ होताना सायलेन्सरचा भाग भयंकर तापतो, आणि गाडीच्या पोटाखाली अडकलेलं गवत पेट घेतं. फेब्रुवारीनंतर वणवा लागायला एवढं पुरेसं आहे. दर तासाभराने खाली वाकून गवत काढा. त्याच वेळी टायरवर आणि पोटाखाली एक नजर टाका, तेल गळतंय का ते दिसतं.

परत येताना

डांबर लागलं की आधी टू एच, मग हवा. १८ पीएसआयवर साताऱ्याचा रस्ता धरलात तर टायर तापून वर्धनगडच्या वळणावर दगा देऊ शकतो. पाच-सहा मिनिटं एका टायरला लागतात, तेवढ्यात चहा होतो.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंग सेंटरला खालून पाण्याने धुऊन घ्या आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. चारही टायरवर हात फिरवून मोडलेले काटे शोधा. ट्यूबलेसमध्ये काटा हवा धरून राहतो आणि चार दिवसांनी ऑफिसच्या वाटेवर टायर बसतो, म्हणून आठवडाभर रोज सकाळी हवा मोजा.